जपानमधल्या मोठ्या हॉटेलात जपानी जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियो, क्योटो, ओसाकाला जाणाऱ्या मराठी प्रवाशांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटलं की आधी जेवण आठवतं. इथे हॉटेल म्हणजे राहण्याचं मोठं हॉटेल आणि त्यातलं जपानी रेस्टॉरंट. मुंबईत वेगळं काय, ते शेवटाकडे आहे.

हॉटेलातच का जेवायचं? गल्लीतली छोटी दुकानं जास्त चांगली असतात ना?

पुष्कळदा असतात. पण आठ खुर्च्यांच्या सुशीच्या दुकानात एकच आचारी, एकच मेनू आणि सकाळी बाजारातून आणलेले मोजके मासे असतात. तिथे ‘मला हे चालत नाही’ म्हटलं, तर द्यायला दुसरं काही नसतं. हॉटेलचं स्वयंपाकघर मोठं असतं, इंग्रजी बोलणारं कुणीतरी असतं आणि पथ्याची विनंती वरपर्यंत पोचते. घरात एक शाकाहारी, एक मासे खाणारा आणि एक गुडघे दुखणारे आजोबा असतील, तर आमच्या मते हॉटेलच बरं. आणि पहिल्यांदा जात असाल, तर दुपारी जा. तेच स्वयंपाकघर, तेच आचारी आणि दर पुष्कळदा रात्रीच्या निम्म्याहून कमी.

बुकिंग करताना नेमकं काय सांगायचं?

माणसं किती, मुलांची वयं, कोणता कोर्स, बसायची जागा कोणती आणि काय चालत नाही. एवढं सगळं पहिल्याच निरोपात लिहा. एकाच रेस्टॉरंटमध्ये सुशीचं काउंटर, तेप्पान्याकीचं (समोरच्या तापल्या पत्र्यावर परतून देणारं) काउंटर, साधी टेबलं आणि ‘कोशित्सु’ म्हणजे खासगी खोल्या असे वेगवेगळे भाग असतात. त्यांची बुकिंग वेगळी आणि बहुतेक ठिकाणी मेनूही वेगळा. तेप्पान्याकीच्या काउंटरवर बसून ‘दोन सुशी पण आणा’ म्हटलं, तर नम्रपणे नकार येतो आणि मग उगीच मन खट्टू होतं.

साध्या टेबलासाठी आठवडाभर आधी सांगितलं तरी चालतं. साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा बहर (मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात) आणि क्योटोतली लाल पानं (नोव्हेंबरचा उत्तरार्ध) या दिवसांसाठी महिनाभर आधी सांगा. त्याच हॉटेलात उतरणार असाल, तर खोली बुक केल्यावर लगेच कंसिएर्जला (हॉटेलात पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्याला) ईमेल करा. पथ्य असेल तर किमान तीन दिवस आधी कळवा, आठवडा मिळाला तर उत्तम. टेबलावर बसल्यावर सांगितलेल्या पथ्याचं काय होतं, ते पुढे शाकाहाराच्या प्रश्नात दिसेल.

आयत्या वेळी रद्द केलं तर?

कोर्स माणशी ठरलेला असतो आणि मासे तुमच्या नावाने आलेले असतात. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केल्यास निम्मे ते पूर्ण पैसे कापले जाणं नेहमीचं आहे. सहा जणांचं बुकिंग करून चौघं आलात, तर उरलेल्या दोघांचेही पैसे लागू शकतात. उशीर होत असेल, तर दहा मिनिटांचा असला तरी फोन करा. काउंटरवर सगळ्यांना एकाच वेळी सुरुवात होते, त्यामुळे एकाच्या उशिराने बाकीचे अडकतात.

काइसेकी, ओमाकासे, तेप्पान्याकी: यांत फरक काय?

काइसेकी म्हणजे ऋतूप्रमाणे बांधलेलं, एकापाठोपाठ येणारं जेवण. सुरुवातीचा घास (साकिझुके), कच्च्या माशाचे काप (मुकोझुके), झाकणाच्या वाटीतलं सूप (वानमोनो), भाजलेलं काहीतरी (याकिमोनो), शिजवलेल्या भाज्या, आणि शेवटी भात, लोणचं व मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप एकत्र. मग फळ किंवा गोड. मध्ये कुठेतरी ‘हास्सुन’ येतं, डोंगरातले आणि समुद्रातले छोटे पदार्थ मांडलेलं ताट. ‘हास्सुन’ म्हणजे आठ सुन. ताटाची बाजू तेवढी, साधारण २४ सेंटिमीटर असते, म्हणून हे नाव.

भात शेवटी येतो, याचा आपल्या लोकांना हमखास त्रास होतो. ‘भात आधी आणा’ असं सांगता येतं, पण भात आला की जेवण संपत आलं असा त्याचा अर्थ स्वयंपाकघर घेतं. त्यापेक्षा भाताच्या वेळी पुन्हा वाढून मागा. पुष्कळ ठिकाणी दुसरी वाटी विनामूल्य असते.

ओमाकासे म्हणजे ‘तुमच्यावर सोडलं’. सुशीच्या काउंटरवर आचारी ठरवेल त्या क्रमाने, बहुधा हलक्या पांढऱ्या माशापासून तेलकट ट्यूनाकडे. तेप्पान्याकीत समोरच्या तापलेल्या लोखंडी पत्र्यावर मांस, मासे, भाज्या परततात.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. जमेल का?

जमतं, पण ‘व्हेजिटेरियन’ हा एक शब्द उच्चारून नाही. अडचण दिसणाऱ्या पदार्थात नसते, ती पाण्यात असते.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशि’ नावाचं पातळ सार. ते मुख्यतः दोन गोष्टींचं: कोंबु हे वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि कात्सुओबुशि, म्हणजे उकडून, धुरावून, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवलेला मासा, ज्याचे कागदासारखे पातळ काप पाण्यात टाकतात. कोकणात सुकट घातलेल्या कालवणातून सुकट काढून टाकली, तरी ते शाकाहारी होत नाही. दाशिचं तेच आहे. मासा गाळून फेकलेला असतो, वाटीत दिसत नाही. जेवण वाढणाऱ्या मुलीला तो पदार्थ मनापासून भाज्यांचाच वाटतो. ती फसवत नसते.

ही दाशि कुठे कुठे असते ते पाहा. मिसो सूपमध्ये. शिजवलेल्या भोपळ्या-मुळ्यात. आगेदाशि तोफूच्या (तळलेल्या तोफूच्या) रसात, आणि वर बहुतेकदा माशाचे काप भुरभुरलेले. तेम्पुराबरोबरच्या (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या-माशांबरोबरच्या) बुडवायच्या रसात. सोबा आणि उदोन या नूडल्सच्या रसात. चावानमुशि या अंड्याच्या वाफवलेल्या पदार्थात. इनारि सुशीच्या तोफूच्या पिशवीत आणि कांप्यो माकीतल्या (नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या सुशीतल्या) दुधीसारख्या पट्ट्यांत, कारण दोन्ही बहुधा दाशित शिजवतात. कधी कधी लोणच्यातही.

यावर जपानी स्वयंपाकातच उत्तर आहे. बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्योरि’ पूर्णपणे वनस्पतिजन्य असतं आणि त्याची दाशि कोंबु व सुक्या शिताके मशरूमची. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबु आणि तीन-चार सुके शिताके रात्रभर भिजत ठेवायचे, सकाळी मंद आचेवर तापवायचं आणि उकळी फुटायच्या आत कोंबु बाहेर काढायचा. राहिला तर सार बुळबुळीत आणि कडवट होतं. यात करायला अवघड काही नाही, वेळ मात्र लागतो. म्हणून आधी कळवायचं. संध्याकाळी सात वाजता टेबलावर सांगितलंत, तर सगळ्या पदार्थांत मुरलेली दाशि बदलता येत नाही. मग समोर येतं हिरवं सॅलड, साधा भात, काकडीची माकी आणि थंड तोफू. ही काही स्वयंपाकघराची अढी नसते. तेवढंच हाताशी असतं.

कोंबुची चव फिकी असेल अशी शंका नको. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने ‘उमामि’ चवीमागचं ग्लुटामेट वेगळं काढलं, ते कोंबुच्या सारातूनच.

मग लिहून काय द्यायचं?

हा मजकूर कंसिएर्जकडून जपानी लिपीत लिहून घ्या आणि प्रत्येक ठिकाणी दाखवा:

निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ या निबोशि नो दाशि मो ताबेरारेमासेन. कोंबु तो शीताके नो दाशि वा दाइजोबु देस.

म्हणजे: मांस आणि मासे खात नाही, कात्सुओ किंवा निबोशि (सुकवलेले छोटे मासे) यांची दाशिही चालत नाही, कोंबु आणि शिताकेची दाशि चालते. तिसरं वाक्य गाळू नका. काय चालत नाही एवढंच कळलं, तर आचारी घाबरून सगळंच काढून टाकतो. काय चालतं हे कळलं की त्याला काम करता येतं. अंडं चालत नसेल तर ‘तामागो मो ताबेमासेन’ जोडा, कारण तेम्पुराच्या पिठात पुष्कळदा अंडं असतं.

तेम्पुराबद्दल आणखी एक. भाजीचा तेम्पुरा बहुतेकदा कोळंबी तळलेल्याच तेलात तळला जातो. वेगळं तेल हवं असेल तर तेही आधीच विचारा. उत्तर ‘नाही’ असू शकतं.

कांदा-लसूण चालत नाही, किंवा जैन आहोत.

कांदा-लसणाचं सोपं आहे. शोजिन परंपरेतही कांदा, लसूण, पात अशा उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य असतात, त्यामुळे ‘शोजिन’ शब्द वापरला की निम्मं काम होतं. कंदमुळांचं मात्र अवघड. दाइकोन मुळा, गाजर, गोबो, कमळकाकडी, रताळं यांवर शोजिन उभं आहे आणि जमिनीखालचं न खाण्याची कल्पना तिथे कुणाला माहीत नाही. ‘रूट व्हेजिटेबल नको’ एवढ्याने भागत नाही, नावांची यादी द्या. आल्याचाही उल्लेख करा.

बीफ खात नाही. तेप्पान्याकीला जावं का?

जाता येतं. मासे, शेवंड, स्कॅलप, भाज्या यांचा वेगळा कोर्स पुष्कळ ठिकाणी असतो. पण पत्रा एकच असतो आणि शेवटचा गार्लिक राइस बऱ्याचदा वाग्यूच्या, म्हणजे जपानी गोमांसाच्या, चरबीवरच परततात. ‘माझा भात तेलावर करा, बीफची चरबी नको’ असं आधी सांगा. शेजारच्या पाहुण्यांचं मांस हातभर अंतरावर शिजताना दिसणार, वास येणार. ते नकोसं वाटणारं कुणी असेल, तर काइसेकी घ्या.

खाणाऱ्यांसाठी: वाग्यूच्या ‘ए५’ या प्रतीमधलं ‘ए’ अक्षर जनावरातून किती मांस निघालं ते सांगतं, आकडा मांसाचा दर्जा सांगतो आणि ५ सर्वांत वरचा. चरबी इतकी असते की १०० ग्रॅममध्ये बहुतेकांचं पोट भरतं. २०० ग्रॅम मागवून अर्धं टाकू नका.

एकूण खर्च किती?

हॉटेलागणिक फार फरक पडतो. साधारण दुपारचा कोर्स ६,००० ते १२,००० येन, रात्रीचा १८,००० पासून ३५,००० येनपर्यंत. मूळ किमतीवर दोन गोष्टी चढतात: १० टक्के उपभोग कर आणि हॉटेलचं सेवाशुल्क, बहुधा १० ते १५ टक्के. मूळ किंमत २०,००० येन असेल, तर १५ टक्के सेवाशुल्काने २३,००० होतात आणि त्यावर कर धरून २५,३००. मेनूवर छापलेल्या किमतीत कर बहुधा धरलेला असतो, सेवाशुल्क बहुधा नसतं. तळाची बारीक ओळ वाचा.

टिप देऊ नका. टेबलावर नोट ठेवून निघालात, तर ‘पैसे विसरलात’ म्हणून कुणीतरी लिफ्टपर्यंत धावत येईल.

कपडे कसे घालायचे?

नीटनेटके. हाफ पँट, चपला, बिनबाह्यांचे बनियन पुरुषांना चालत नाहीत. साडी, सलवार-कुडता उत्तम. कपड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे अत्तर. सुशीच्या काउंटरवर तीव्र सेंट लावून जाणं ही तिथे सर्वांत मोठी गैरसोय मानतात, कारण भाताच्या आंबट वासावर आणि माशाच्या नाजूक वासावर ते चढून बसतं. अंगठ्या, जाड ब्रेसलेट, घड्याळ काउंटरवर आपटू नका. ते हिनोकीच्या लाकडाचं, बहुधा वरून काही न लावलेलं असतं आणि ओरखडा कायमचा राहतो. फोनही त्यावर पालथा घालू नका.

खाली चटईवर बसावं लागेल का? गुडघ्यांचं काय?

विचारून घ्या. ‘तातामि’ खोली तीन प्रकारची असते: खरोखर मांडी घालून बसायची, टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असलेली (होरिगोतात्सु) आणि चटईवरच खुर्च्या-टेबल मांडलेली. ज्येष्ठांसाठी तिसरी मागा. खड्ड्याच्या जागेवरूनही उठताना हाताला आधार नसतो. बूट दाराशी काढायचे, मोजे बिनभोकाचे हवेत, आणि चटईच्या कापडी काठावर पाय द्यायचा नाही.

सुरुवातीला येणारा ओला रुमाल कशासाठी?

हात पुसायला. चेहरा, मान नाही.

सुशी हाताने खाल्ली तर चालते?

चालते. आणि आपल्याला ती सवयही आहे. निगिरि (भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली सुशी) हाती घेतली की भात कोमट लागतो, साधारण अंगाच्या उष्णतेइतका, वर मासा थंड. हा फरक एक-दोन मिनिटंच टिकतो. फोटो काढेपर्यंत भात गार होऊन आवळतो आणि मासा सुकू लागतो. म्हणून समोर ठेवली की खायची, बाकीच्यांची वाट न पाहता. आपल्या पंगतीच्या उलट.

सोया सॉसमध्ये बुडवायचं असेल, तर निगिरि आडवी करा आणि माशाची कडा टेकवा. भात बुडवला तर तो स्पंजासारखा सॉस ओढून घेतो, सुटतो आणि अर्धा वाटीत पडतो. माशावर आधीच चकाकी दिसत असेल, तर आचाऱ्याने सॉसचा हात फिरवलेला आहे, पुन्हा बुडवू नका. एका घासात खायची. घास मोठा वाटत असेल तर चावून परत ठेवण्यापेक्षा ‘शारि चीसामे दे’ म्हणा, भात कमी घालतात. गुलाबी-पांढरं आलं दोन माशांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला असतं, सुशीवर ठेवून खायला नव्हे. नोरीत गुंडाळलेली हातातली माकी तर मिनिटभरात संपवा. नोरीचा कुरकुरीतपणा गेला की ती ओल्या कागदासारखी ताणली जाते.

वासाबी सॉसमध्ये कालवायची का?

चांगल्या काउंटरवर नको. भात आणि माशाच्या मध्ये ती आधीच लावलेली असते. खरी वासाबी म्हणजे थंड वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या झाडाचं खोड. ते शार्कच्या खरखरीत कातड्यावर गोल गोल घासतात आणि त्याचा झणका पंधरा-वीस मिनिटांत उतरतो. सॉसमध्ये तर आणखी लवकर. साशिमि (नुसते कच्च्या माशाचे काप) खाताना चिमूटभर माशावर ठेवून घडी घाला आणि दुसरी कडा सॉसला लावा. अजिबात नको असेल तर शब्द आहे ‘साबि-नुकि’.

कच्चा मासा खाऊन पोट बिघडणार नाही ना?

धोका दोन प्रकारचा. एक म्हणजे जंतू, त्यावर ताजेपणा आणि थंडी हा उपाय. दुसरा अनिसाकिस हा कृमी. तो मरतो उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवल्यावर, किंवा नीट शिजवल्यावर. वासाबी, व्हिनेगर किंवा साके (तांदळाची जपानी दारू) त्याला मारत नाहीत, हा समज सोडून द्या. गोठवलेला मासा म्हणजे हलका मासा, असंही नाही. उत्तम ट्यूना समुद्रावरच उणे ६० अंशांना गोठवून येतो.

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांनी शिजवलेलंच घ्यावं. आधी कळवल्यास काइसेकीतला मुकोझुके बदलून मिळतो.

चॉपस्टिक्सच्या कोणत्या चुका खरंच खटकतात?

दोनच. भातात उभ्या खोचणं, आणि आपल्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देणं. पहिलं मृतापुढे ठेवलेल्या भातासारखं दिसतं, दुसरं अस्थी उचलण्याच्या विधीसारखं. आपल्याकडे पिंडाला जशा खुणा जोडलेल्या आहेत, तशाच या. बाकी काड्या नीट धरता न येणं वगैरे कुणी मनावर घेत नाही. काटा-चमचा निःसंकोच मागा.

सुपाच्या वाटीचं झाकण निघत नाही!

गरम सूप थोडं निवलं की आत पोकळी होऊन लाखेचं झाकण चिकटून बसतं. जोर लावून वर ओढलं तर सूप मांडीवर. एका हाताने वाटीच्या कडा दोन्ही बाजूंनी हलक्या दाबा, लाकूड किंचित वाकतं, हवा आत शिरते आणि झाकण सुटतं. ते तिरकं धरून आतले थेंब वाटीत पडू द्या, मग बाजूला ठेवा. वाटी उचलून तोंडाला लावायची, चमचा येत नाही. संपल्यावर झाकण होतं तसंच परत घाला, उलटं नको.

दारू घेत नाही. अडचण आहे?

टेबलावर नाही, चहा आहेच. पण मिरिन (तांदळाची गोड दारू) आणि साके स्वयंपाकातच वापरतात. शिजताना अल्कोहोल बरंचसं उडतं, सगळं नाही. धार्मिक किंवा औषधाच्या कारणाने थेंबही नको असेल, तर हेही बुकिंगलाच लिहा. तसंच गव्हाचं: सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे ग्लुटेन टाळणाऱ्यांनी ते वेगळं सांगावं.

घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: तांदूळ किती घासून उरवला यावर साकेची नावं ठरतात. गिंजोत ६० टक्के किंवा कमी उरतो, दाइगिंजोत ५० किंवा कमी. एक ‘गो’ म्हणजे १८० मिली. जपानमध्ये वयाची अट २० वर्षांची आहे.

मुलांना नेता येईल?

टेबलावर आणि कोशित्सुत बहुतेक ठिकाणी हो, मुलांचं वेगळं ताटही मिळतं. काउंटरवर वयाची अट असू शकते. काइसेकी दोन ते अडीच तास चालतं, पाच वर्षांच्या मुलाला तेवढं बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

उरलेलं बांधून देतात का?

बहुतेक नाही, कच्चा मासा तर नाहीच.

मुंबईत असंच जेवायचं असेल तर?

ताज महाल पॅलेसमधलं ‘वासाबी बाय मोरिमोतो’ २००४ पासूनचं. मुंबईतल्या अशा ठिकाणी शाकाहारी मेनू वेगळा छापलेला असतो आणि ‘जैन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, हा मोठा फायदा. तरीही मिसो सूप आणि बुडवायच्या रसांबद्दल दाशिचा प्रश्न विचाराच. ७,५०० रुपयांच्या वर खोलीभाडं असलेल्या हॉटेलांत जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. सेवाशुल्क मात्र तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांनुसार ते आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. जपानमध्ये हा वाद घालू नका, तिथे ते किमतीचाच भाग आहे.

बिल कुठे मागायचं आणि निघताना काय म्हणायचं?

टेबलावरच मागा, ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमास’. त्याच हॉटेलात राहत असाल, तर खोली क्रमांक लिहून सही करता येते. बिलात पेयं, जादा मागवलेले पदार्थ आणि सेवाशुल्क तपासा. उठताना आचाऱ्याकडे पाहून ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा. काउंटरवर असाल तर तो हातातलं काम थांबवून मान लववेल.